सुगंधाकाकींचा चौकोन

सेंद्रिय प्रमाणपत्राचे तपासनीस निघाले तेव्हा सुगंधाकाकी खुर्चीतून उठल्या नाहीत. एरवी आल्यागेल्याला पाणंदीपर्यंत पोचवण्याची या घराची रीत होती. त्या दिवशी मात्र काकी ताठ बसून राहिल्या.

घडले ते इतकेच. काजूच्या बागेत उभे राहून तपासनिसांनी फोनवरच्या नकाशाला एक प्रश्न विचारला: ही बाग कुणाची, आणि हिच्यापासून पन्नास मीटरांच्या आत फवारणी होणारी बाग आहे का? साडेतीन मिनिटे नकाशावर नुसते चाक फिरत राहिले आणि मग पडदा पांढरा झाला.

"मंगळवारी पुन्हा येतो," तपासनीस सौम्यपणे म्हणाले. "नकाशाने जागेवर उत्तर दिले तर सही करीन. नाही दिले, तर गटाची तीन वर्षे पहिल्यापासून मोजावी लागतील."

धामापूरपासून कट्ट्यापर्यंतच्या दोनशे घरांचा तो गट, आणि काकी त्याच्या अध्यक्ष. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी या दोनशे घरांनी तीन वर्षे काजूला औषधाचा थेंब लावला नव्हता. दुसऱ्या वर्षी ढेकण्या नावाचा किडा पडला, मोहोर जळल्यासारखा काळा झाला, तरी कुणी पंपाला हात लावला नाही. काकींचे धाकटे दीर गुरुदास यांचा तर निम्मा मोहोर गेला होता. काकींनी शब्द दिला होता, म्हणून सारे थांबले होते. आता तोच शब्द त्या फिरत्या चाकात अडकला होता.

नकाशा तयार केला होता त्यांच्या नातीने, संचिताने. ती पुण्याच्या एका कंपनीचे काम घरी बसून करी. तिने आधी रेंजला दोष दिला. काकींनी तिला स्कूटरवरून कट्ट्याला पाठवले, तिथल्या केबलच्या इंटरनेटवर नकाशा उघडायला लावला. तिथेही साडेतीन मिनिटेच लागली. मग तिने मोठा सर्व्हर घेऊन पाहिला. साडेतीनाची तीन झाली.

"माका सबब नको गो," काकी म्हणाल्या. "कारण सांग. गुरुवार गेलो. मंगळवारपर्यंत तू दुसऱ्या कामाक हात लावू नको, मी तुका जेवणबी हयच वाढतंय."

संचिताने मग यंत्रालाच त्याच्या कामाचा हिशोब द्यायला लावला: कोणत्या पायरीवर किती वेळ गेला. पहिले कारण दुपारपर्यंत सापडले. सीमा नोंदवताना प्रत्येकाने फोन हातात धरून आपल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, कडेने चालायचे आणि फोनने दर सेकंदाला एक ठिपका टाकायचा, असे ठरले होते. पण आमची माणसे बांधावर चालतात थोडी आणि थांबतात फार. शेजारी भेटला, पान निघाले, कुणाच्या मुलीचे लग्न ठरले ते कळले. फोन मात्र ठिपके टाकतच राहिला. गुरुदासांच्या बागेच्या एका कोपऱ्यात सातशे ठिपक्यांची गाठ बसली होती.

"गुरुदास आजोबा हय कोणाकडे बोलत होते?" संचिताने विचारले.

"रोझारियोकडे. दुसरो कोण इतको वेळ घेतलो?" काकी म्हणाल्या. गटाचे सचिव रोझारियो बोलायला लागले की थांबत नसत. दोन दिवसांत पहिल्यांदा काकींच्या चेहऱ्यावर हसू आले.

गाठी सुटल्या, फाजील ठिपके गाळले गेले. तीन मिनिटांचे दीड मिनिट झाले आणि तिथेच अडले.

शनिवारी सकाळी संचिताने ओटीवर कागदी नकाशा पसरला. काकींच्या घराची जमीन तिने हिरव्या रंगाने भरली होती: धामापूरच्या तळ्यावरचा उतार, कट्ट्याजवळची काजूची बाग, ओहोळाकडेचे सुपारीचे कुळागर, समुद्राकडची माडांची पट्टी. असे एकूण चौदा तुकडे. त्या सगळ्यांना मिळून तिने लाल दोऱ्याचा एकच चौकोन घातला. दोरा जवळजवळ अख्ख्या नकाशाला वेढून बसला.

"आजी, कोणीय विचारला की यंत्र आदी हे चौकोन बघता. ज्या चौकोनात ती जागा पडता, तितक्यांचेच गडगे मगे तपासता. चौकोन ल्हान असले तर दोन-तीन घरा तपासून काम होता. पण हो आपलो चौकोन बघ. हेच्या आत रोझारियोचा घरसुद्धा आसा. यंत्राक वाटता, हयपण आपली जमीन आसतली. म्हणान दरखेपेक आपल्या चौदाय तुकड्यांचे सगळे गडगे चालत जाता."

"एका घरान इतक्या होता?"

"एका घरान नाय." संचिता घुटमळली. "दोनशेय घरा तशीच आसत."

काकींनी दोऱ्याकडे पाहिले आणि त्यांना सारे उमगले. "एक घर, एक आकृती" हा ठराव त्यांचाच होता. गटाच्या वहीत तो त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलेला होता. संचिताने तेव्हा तुकडे वेगवेगळे नोंदवू म्हटले होते. काकींनी तिला गप्प केले होते. पाच भावांचे घर, जमीन सामाईक, सातबारा एक. यजमान गेल्यावरही काकींनी ते तुटू दिले नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी गुरुदासांनी वाटणी मागितली तेव्हा, "मी जिवंत आसंय तोवर नाय," एवढेच त्या बोलल्या होत्या. अध्यक्षांच्या घराची एक आकृती, म्हणून मग साऱ्यांनी हट्टाने तशीच करून घेतली. कुणालाही आपले घर नकाशावर फुटलेले दिसायला नको होते.

उपाय सोपा होता. प्रत्येक तुकड्याची आकृती निराळी करायची, घराचा क्रमांक सर्वांवर एकच ठेवायचा. यंत्राच्या दृष्टीने ते एका दिवसाचे काम होते. काकींना तेवढ्यासाठी समोर गुरुदासांच्या अंगणापर्यंत जायचे होते, आणि ते अंतर पंधरा वर्षांचे होते.

त्या गेल्या. गुरुदास सुपारी कातरत बसले होते. वहिनींना दारात पाहून ते उठले, पण या म्हणाले नाहीत. काकींनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले, ठराव चुकला हेसुद्धा.

"म्हंजे इतक्या वर्सांनी वाटणी करूक इलात," गुरुदास म्हणाले.

"जमिनीची नाय. नकाशाची. सातबारो एकच रवतलो." काकी क्षणभर थांबल्या. "पण तुकड्या तुकड्यार कसणाऱ्याचा नाव घालूचा म्हणतंय. तळ्याच्या उताराक तुझा येतला. तपासनीस इचारतले, तेंका उत्तर तू देवचा."

गुरुदासांच्या हातातला आडकित्ता थांबला. "आणि मी चुकलंय तर?"

"वीस वर्सा तू थय राबलंस. मी वर्साक एकदा येतंय, ती सावलेक बसूक. चुकलंस तरी माझ्यापेक्षा कमीच चुकशीत."

गुरुदासांनी आतून खुर्ची आणून वहिनींपुढे ठेवली.

रविवारी कट्ट्याला गटाची सभा झाली. काकींनी वही उघडून आपला ठराव स्वतः वाचला आणि स्वतःच्या हाताने त्यावर आडवी रेघ मारली. सभेत कुजबुज झाली. रोझारियो मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काकी, तुमी म्हटलात म्हणान आमी जोडली, आता तुमी म्हणतात म्हणान तोडतो. फुडच्या खेपेक आदी संचिताक इचारा."

"इचारीन," काकी म्हणाल्या. "आणि तू बोलताना फोन बंद ठेव. तुझ्या गजालींचे सातशे ठिपके पुसले माझ्या नातीन."

सोमवारभर संचिता तुकडे वेगळे करत राहिली आणि घरोघरी फोन करून कसणाऱ्यांची नावे विचारत राहिली. कुठे दोन भावांनी एकाच तुकड्यावर आपापले नाव सांगितले. काकींनी त्यांना फोनवरूनच गप्प केले. संध्याकाळी नवी अनुक्रमणी, म्हणजे लहान चौकोनांची यादी, बांधून झाली, तरी नकाशाला प्रश्न विचारण्याची परवानगी काकींनी दिली नाही. उद्या विचारणाराच विचारील, असे त्यांनी ठरवले होते.

मंगळवारी तपासनिसांनी नेमका तळ्यावरचा उतार निवडला. गटाची पाचपंचवीस माणसे गडग्याबाहेर उभी राहिली. तपासनिसांनी प्रश्न विचारला. त्यांचा अंगठा पडद्यावरून उचलला जाण्याआधीच उत्तर समोर होते: पन्नास मीटरांच्या आत फवारणीची बाग नाही. त्यांना खरे वाटेना. त्यांनी आणखी चार जागी जाऊन विचारले. चारही वेळा तसेच झाले.

"इथे कसणाऱ्याचे नाव गुरुदास आहे," ते म्हणाले. मग पहिल्या भेटीच्या सवयीने काकींकडे वळले. "दुसऱ्या वर्षी इथे ढेकण्या पडल्याची नोंद आहे. तेव्हा तुम्ही काय केले?"

काकींनी नजर मोहोरावरून हलवली नाही.

"मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "ही बाग त्यांची आहे. त्यांनाच विचारा."

गुरुदासांनी पुढे होऊन सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग एकेका झाडाला हात लावत. तपासनीस त्यांच्या मागून चालत लिहून घेत होते. शेवटच्या झाडापाशी तपासनिसांनी सही केली, तेव्हा कागदाखाली धरायला पाट म्हणून गटाची वही गुरुदासांनीच पुढे केली होती.

काकी तपासनिसांना पाणंदीपर्यंत पोचवायला गेल्या.