बटणांच्या विटांचं घर

मुलीच्या खेळातल्या विटांनी नव्या घराची प्रतिकृती बांधायची, यात मधुसूदन खांबेट्यांचे तीन फायदे होते. मृदुला खूश होणार होती, हा पहिला. उद्धवराव मिस्त्रींना निळा नकाशा वाचता येत नव्हता, त्यांना घर डोळ्यांना दिसणार होतं, हा दुसरा. हे दोन्ही फायदे ते चहाच्या टपरीवरही सांगत. तिसरा मात्र त्यांनी कुणाच्या कानावर जाऊ दिला नव्हता. त्यांना स्वतःची एक खोली हवी होती. दहा फूट बाय आठ फूट, घराच्या मागच्या अंगाला, आतून कडी लागणारी. तिच्यात एक टेबल, टेबलाला लोखंड आवळून धरणारा शेगडा, भिंतीवर पान्यांची फळी, आणि दार लावल्यावर बाहेरून कुणी "अहो, जरा येता का" म्हटलं तरी ऐकू येणार नाही इतकी जाड भिंत.

मंजूर नकाशात त्या जागी पाच बाय सहाची कोठी होती आणि कोठीला लागून जिना. कोठी वाढवायची म्हणजे जिन्याची जागा खायची, आणि त्यासाठी बायकोशी, अरुंधतीबाईंशी, बोलणं आलं. अरुंधतीबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्याशी फुटाफुटाचा वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. पण पोरीच्या खेळात कोण मापं काढत बसतं? खेळात कोठी दहा बाय आठ झाली, मिस्त्रीने खेळ बघून बांधली, की बोलायचं काही राहतच नाही.

विटांचा नाद तसा तीन वर्षांचा जुना. मृदुलाला गोवर आला होता तेव्हा खांबेट्यांनी लक्ष्मी रोडवरून एक डबा आणला. डोक्यावर बटणं असलेल्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा. गोवर आठवड्यात गेला, विटा राहिल्या. दर वाढदिवसाला एक डबा वाढला. कारखान्याची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, त्यामुळे बाप-लेकीला एकत्र मिळायची ती गुरुवारची संध्याकाळ. साडेपाचला मृदुला शाळेतून यायची तेव्हा खांबेट्यांनी आधीच चटई अंथरून विटा रंगांप्रमाणे लावून ठेवलेल्या असत. आकुर्डीच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी पूल बांधले, पाण्याची टाकी बांधली, हात वर होणाऱ्या सिग्नलसकट रेल्वे स्टेशन बांधलं. खांबेटे कारखान्यात तपासणी खात्यात होते, दिवसभर दुसऱ्यांची कामं नापास करायचे. घरी मृदुला त्यांची कामं नापास करायची. नियम दोघांनी मिळून केले होते, आणि त्यातला मुख्य हा, की नसलेली वीट आहे असं धरायचं नाही.

घराला तीन गुरुवार लागले. एक बटण म्हणजे एक फूट, एक थर म्हणजे दोन फूट उंची. पाच थर झाले की भिंत पुरी.

"बाबा, कोठी केवढी मोठी झालीय," मृदुला म्हणाली. "स्वयंपाकघरापेक्षा थोडीच लहान आहे."

"पुढेमागे धान्य लागतं घरात."

"इतकं धान्य? आपण तिघंच आहोत."

"पाहुणे येतात," खांबेटे म्हणाले आणि पाचवा थर घाईने चढवला.

विटा संपल्या. डब्यात उरल्या चार, त्याही एकेक बटणाच्या.

"आणि जिना?"

"जिना काय, मिस्त्रीला तोंडी सांगू. तू जिना आहे असं धर."

मृदुलाने उरलेल्या चार विटा परत एकदा मोजल्या. खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला. आत अरुंधतीबाई वह्या तपासत होत्या, त्यांच्या लाल पेन्सिलीचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला. खांबेट्यांना वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर परातीत ठेवून तिघं निगडीच्या बसमध्ये बसली. प्लॉटवर जोतं तयार होतं. आजूबाजूला सगळी मोकळी जमीन, कुठे एखादं अर्धं घर, बाकी वारा. उद्धवराव मिस्त्री उस्मानाबादकडचे. परातीभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या, खाली बसून दारातून आत बघितलं.

"आता कळलं बघा," ते म्हणाले. "त्यो निळा कागूद उलटा धरला काय अन् सुलटा काय, मला सारकाच. ह्यात कसं, डोळ्याम्होरं हाय. फकस्त भिती लई जाड केल्यात ताईनं. किल्ला हाय का काय?"

"भिंत नऊ इंचीच," खांबेटे म्हणाले. "विटा जाड आहेत म्हणून तशी दिसते. बाकी पोरीनं केलंय तसंच. एक वीट इकडची तिकडे होता कामा नये. मी नसलो तर तिला विचारा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी का म्हटलं, तर कंपनी त्यांना तीन आठवड्यांसाठी बेळगावला पाठवत होती. तिथल्या ओतशाळेतून येणारा माल सारखा नापास होत होता, तो तिथेच बसून तपासायचा होता. मागे अरुंधतीबाई राहणार. त्यांनी मिस्त्रीला भलतं काही सांगू नये म्हणून खांबेट्यांनी सगळा अधिकार दहा वर्षांच्या मुलीच्या हाती दिला आणि आपल्या हुशारीवर खूश होऊन ते गाडीत बसले.

तीन आठवड्यांनी परतले ते बुधवारी दुपारी. घरी न जाता पिशवीसकट सरळ निगडीला. लांबूनच त्यांना भिंती दिसल्या. समोरची बाजू झकास उठली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीवर लिंटेलचा काँक्रीटचा पट्टा पडला होता. ते खुशीत मागे गेले आणि पिशवी हातातून खाली ठेवायची विसरले.

त्यांच्या खोलीच्या जागी दोन फूट उंचीची भिंत होती. वर गुळगुळीत शहाबादी फरशी बसवलेली. फरशीवर शेजारच्या प्लॉटवरच्या शालनबाई मांडी घालून शेंगा सोलत होत्या.

"या की, बसा," शालनबाई म्हणाल्या. "झ्याक झालाय हो कट्टा. वारं काय येतंय!"

"कट्टा?" खांबेटे म्हणाले. "ही कोठी आहे!"

"व्हय? मग भिंती कुटं हायत?"

तेवढ्यात उद्धवराव हात पुसत आले. "आलाव का साहेब? बरं झालं. उद्या सकाळी जिन्याची सळई बांधायलाव. तेवढं बगून घ्या."

"कुठला जिना? इथे खोली होती! दहा बाय आठ! पाच थर!"

"पयल्या दिशी व्हती," उद्धवराव शांतपणे म्हणाले. "दुसऱ्या दिशी ताईनं एकच थर ठिवला. म्या इचारलं, ताई, हे काय? तर म्हणली, विटा जिन्याला लागल्या. अर्ध्या जागंत जिना, ऱ्हायलेल्या जागंला एक थर. तुमीच म्हणलाव ना, पोरीनं केलंय तसंच?"

"अहो पण दोन फुटांची खोली कुणी बांधतं का?"

"खोली कोन म्हणलं? एक थर म्हंजी दोन फूट, हे ताईचंच गणित. दोन फुटाला कट्टाच म्हणत्यात आमच्याकडं."

सहाला मृदुला दप्तरासकट आली. मागून अरुंधतीबाई. रोजचा शिरस्ता दिसला. मृदुलाने येताच परातीवरचं गोणपाट काढलं, ओळंबा हातात घेतला आणि गवंड्याच्या हाताखालचा माणूस तिला बघून विडी विझवून उठला. मग तिला बाबा दिसले.

"बाबा! जिना बघितलात? म्हणजे अजून झाला नाही, पण इथे बघा!" तिने परातीत बोट दाखवलं. सोळा विटांचा जिना, एकेक बटण मागे सरकत थेट गच्चीपर्यंत गेलेला. काम चांगलं होतं, हे तपासणी खात्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"कोठीच्या विटा का काढल्यास?"

"जिन्याला विटा नव्हत्या ना. आणि आहेत असं धरायचं नाही, तुम्हीच सांगितलंय." तिने बोट गच्चीवर नेलं. "आईनं विचारलं, पापड वाळत घालायला गच्चीवर उडी मारून जायचं का?"

खांबेट्यांनी अरुंधतीबाईंकडे बघितलं. त्या शालनबाईंच्या शेजारी कट्ट्यावर बसल्या होत्या आणि शेंगा सोलायला लागल्या होत्या.

"मी फक्त प्रश्न विचारला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पोरीच्या खेळात मी कशाला हात घालू?"

आपण ज्या दाराने खोली आत आणायला बघत होतो, त्याच दाराने ती बाहेर काढली गेली, हे खांबेट्यांच्या ध्यानात आलं. रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? पण खोली अजून हातातून गेली नव्हती. सळई उद्या बांधायची होती. आज सांगितलं तर भिंत वर जाणार होती.

"साहेब, काय ते आत्ताच सांगा," उद्धवराव म्हणाले. "कोठी पायजे तर कोठी. मग जिना म्होरून घेऊ, लोखंडी. बरा न्हाई दिसनार, पर चालतंय."

गवंडी, शालनबाई, हाताखालचा माणूस, सगळे खांबेट्यांकडे बघत होते. मृदुला बघत नव्हती. ती परातीतल्या घराकडे बघत होती, ओळंब्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळत.

"थांबा," खांबेटे म्हणाले आणि परातीजवळ उकिडवे बसले. विटा इकडच्या तिकडे करून काही मार्ग निघतो का, दोन्ही बसतं का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी जिन्याची वरची वीट धरून ओढली. निघेना. दुसरी धरली. तीही निघेना. त्यांनी नख घातलं.

"सुटत का नाहीत या?"

"शिमिटाचं पाणी पाजलंय," उद्धवराव म्हणाले. "हितं वारं बगताव ना? दोनदा भीत पडली. परातीतनं न्येताना परत मोडायची. मग ताईला इचारलं, पाजू का? तर हो म्हणली."

खांबेट्यांनी घर उचलून बघितलं. प्रत्येक सांध्यात करडी रेघ. तीन वर्षांचे पूल, टाक्या, स्टेशन, सगळं त्या एका घरात कायमचं बसलं होतं.

"मृदू, आता या विटा परत सुटायच्या नाहीत. माहीत होतं ना तुला?"

"हो." तिचा आवाज बारीक झाला. "पण तुम्ही म्हणालात ना, एक वीट इकडची तिकडे व्हायला नको. आणि तुम्ही इथे नव्हतात. मोडलं असतं तर काकांना काय दाखवलं असतं?"

"मग गुरुवारी?"

"गुरुवारी इथे आले. तुम्ही नव्हतातच तर घरी कशाला बांधू?"

शालनबाईंनी कट्ट्यावरून एक शेंगदाणा खांबेट्यांपुढे धरला. तो त्यांनी घेतला, खाल्ला आणि ते उठले.

"उद्धवराव, ताईनं काय सांगितलंय तुम्हाला?"

"जिना."

"मग मला काय विचारता? तिला विचारा."

उद्धवरावांनी मृदुलाला विचारलं. तिने घसा साफ केला, जरा वेळ विचार केल्यासारखं केलं, कारण विचार केल्यासारखं करायला ती आता शिकली होती, आणि म्हणाली, "उद्या सळई बांधा. पहिली पायरी नीट मापून घ्या, मागच्या खेपेसारखं नको."

"जी ताई," उद्धवराव म्हणाले. मागच्या खेपेला काय झालं होतं हे खांबेट्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सळई बांधली गेली, आणि दिवाळीच्या आधी घरही पुरं झालं. मग हिशोब असा लागला. अरुंधतीबाईंना जिना मिळाला, गच्ची मिळाली आणि न मागता कट्टा मिळाला. शालनबाईंना स्वतःचं घर बांधून व्हायच्या आधी बसायला जागा मिळाली. उद्धवराव मिस्त्रींनी ती परात सिमेंटच्या घरासकट मागून घेतली आणि पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला नेली. त्यांना त्या सेक्टरमध्ये आणखी चार कामं मिळाली, आणि चारही घरांच्या मागे दोन फुटी कट्टे निघाले. द्यायला लागलं ते दोघांना. मधुसूदन खांबेट्यांची आतून कडी लागणारी खोली गेली, तिच्यासाठी घेतलेला शेगडा पलंगाखाली गेला. मृदुलाच्या दोनशे शहाऐंशी विटा गेल्या, त्या तिच्या होत्या तेवढ्या सगळ्या.

नवे दोन डबे खांबेट्यांनीच लक्ष्मी रोडवरून आणले. त्याचे पैसे अरुंधतीबाईंनी आपल्या पगारातून काढून दिले, कुणी मागितले नव्हते तरी.