गारेतला विस्तव

थापा मारण्यात विंचूरच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. मग एझ्रा काका चेऊलकर भेटले आणि मी कान पकडले.

काका नाशकातले, अंबडच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. मराठी आपल्यापेक्षा चोख, पण शनिवारी कामाला हात लावणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थनेला काळ्या मनुक्यांचं सरबत लागतं, आणि मनुके आमच्या गावच्या बहिरूच्याच बागेतले हवेत. त्यासाठी ते गाडी काढून इथवर येतात.

बहिरू आणि जीवन सख्खे भाऊ. जीवनच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या बहिरूचं नाव निमंत्रकांत वर यायच्या ऐवजी खाली व्यवस्थापकांत गेलं, तेव्हापासून अबोला. बोलायचं झालंच तर काळू नावाच्या कुत्र्याशी बोलायचं आणि दुसऱ्यानं ते ऐकायचं. वाटण्या झाल्या, पण वडिलांनी उभा केलेला द्राक्षांचा मांडव काही मधून कापता येईना. त्यावरची गारपिटीची जाळीही सलग एकच. दोन्ही टोकांनी एका दमात ओढली तरच ती पसरते; एकानं आधी ओढली की तिरकी होऊन गोळा होते.

त्या शुक्रवारी भर दुपारी आभाळ असं काळंनिळं झालं की कोंबड्या झोपायला गेल्या, आणि कोंबडा उद्याची बांगही आजच उरकून गेला. घड तोडणीला आलेले. गार लागली तर वर्षाची मेहनत मातीत. दोघं भाऊ दोन टोकांना दोर धरून उभे, मधे काळू, आणि जाळी एकदा तिरकी होऊन अडकली म्हणून पुन्हा मागे घेतलेली.

"काळ्या, सांग त्याला, मी म्हणल्याबिगर ओढायचं नाय," बहिरू ओरडला.

"काळ्या, त्याला म्हणावं, व्यवस्थापक तू हायेस. तूच ओढ आधी."

काका मनुक्यांची पिशवी घेऊन मांडवाखाली आले, वर बघितलं आणि म्हणाले, "आमच्या धर्मग्रंथात एक गारपीट आहे. मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा आमच्या लोकांना गुलामीतून सोडेना, म्हणून देवानं त्याच्यावर एकामागून एक संकटं धाडली. त्यातलं हे एक. त्या गारांमध्ये विस्तव पेटलेला होता."

"काका," मी म्हटलं, "थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे."

"अहो, ग्रंथात आहे! आमचे शास्त्री त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत बसले. बर्फानं विस्तव विझवला कसा नाही? विस्तवानं बर्फ वितळवला कसा नाही? शेवटी त्यांनी अर्थ लावला, की दोघांनी आपसात सलोखा केला. जन्माचे वैरी, पण धन्याचं काम निघालं तेव्हा म्हणाले, आधी हे पार पाडू."

मी आजवर नारळाएवढ्या गारा पुष्कळ पाडल्या. पण गारेच्या पोटात विस्तव ठेवायचा आणि वर त्या दोघांचा समेट घडवून आणायचा, हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"काळ्या, काकांना इचार," जीवन म्हणाला, "समेट किती दिस टिकला?"

"ते लिहिलेलं नाही. काम होईपर्यंत टिकला, एवढं नक्की."

"अन् काळ्या, त्याला सांग, ह्यात विस्तव मी," बहिरू म्हणाला. "ती पत्रिका बघितल्यापासून पेटलोय."

तेवढ्यात पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर टण्णकन पहिली गार आदळली. काळू शेपूट घालून जो ट्रॅक्टरखाली शिरला, तो हाका मारूनही बाहेर येईना. आता बोलायचं कुणाशी? दुसरी गार पडली, तिसरी पडली. दोघं भाऊ दोर धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दादा, ओढ!" जीवन ओरडला.

"तूबी ओढ की रं, बघत काय बसलास!"

जाळी सरसरत सगळ्या बागेवर पसरली. मग गारांचा असा मारा झाला की बांधावर पांढरा थर साचला. घड मात्र शाबूत.

"जाळीचं शेवटचं टोक अडकेस्तोवर बाकीच्या गारा हवेतच थांबल्या होत्या," मी ठोकून दिलं. "ह्या डोळ्यांनी पाहिलं."

काका जराही हसले नाहीत. "त्यात नवल काय? आमच्या लोकांना सोडवणाऱ्या मोशेनं शेवटी हात पसरून प्रार्थना केली तेव्हा खाली येणाऱ्या गारा होत्या तिथेच थांबल्या, असं शास्त्री सांगतात. काही पुढे एका लढाईत शत्रूवर पडल्या. उरलेल्या अजून वरच आहेत, पुढच्या कुठल्यातरी दिवसासाठी राखून ठेवलेल्या."

त्या शास्त्र्यांचा पत्ता मिळाला असता तर मी शिकवणी लावली असती.

दोन्ही भावांनी मान वर करून जाळीपलीकडचं आभाळ न्याहाळलं.

"मंग जाळी इतक्यात काढायची नाय," बहिरू म्हणाला.

"कोण काढतंय? पर दादा, तुझ्या बाजूचा खांब हालतोय."

"अन् तुझा लय सरळ उभा हाय व्हय? चल, दावतो तुला."

आणि दोघं तावातावानं हातवारे करत, गारा तुडवत जीवनच्या खांबाकडे निघाले.