झुलाल मास्तरांची खुर्ची

“आजपासून जळगावला समुद्र लाभला आहे,” असं बन्सीलालशेठनं लोखंडी खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं, आणि टँकर अजून आलेला नसल्यामुळं सगळ्यांनी थोडा वेळ थांबायचं ठरवलं.

साल अठ्ठ्याऐंशी, महिना एप्रिल. नशिराबादच्या अलीकडं, हायवेला लागून, शेठचं नवं गार्डन परमिट रूम उघडत होतं. नाव हॉटेल सी-व्ह्यू. या व्ह्यूमध्ये समोर जिनिंग मिल, डाव्या हाताला केळीचा मळा आणि उजवीकडं पंक्चरचं दुकान येत होतं. समुद्राची व्यवस्था आत होती. गिरणा नदीची वाळू ट्रकांनी आणून हातभर जाड पसरली होती. नारळ आपल्या उन्हात धरत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी केळी लावल्या होत्या. टँकरचं पाणी मारलं की वाळूचा किनारा होणार होता. गोव्यात लोक किनाऱ्यावर अनवाणी हिंडतात हे शेठनं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून पाहुण्यांच्या चपला गेटवरच काढून घेतल्या होत्या. दुपारभर तापलेल्या त्या वाळूत पाहुणे आलटून पालटून एकेका पायावर उभे होते. त्यामुळं समुद्रपक्ष्यांचीही सोय आपोआप झाली.

खरा समुद्र मागच्या भिंतीवर होता. तो फारुख पेंटरनं काढला होता. फारुखनं समुद्र पाहिलेला नव्हता, हतनूरचं धरण पाहिलेलं होतं. म्हणून त्याच्या समुद्राला पलीकडचा काठ होता, काठावर बाभळी होत्या आणि एक म्हैसही होती. शेठनं म्हशीपुरतं मनावर घेतलं नाही, पण समुद्राला पलीकडं काठ नसतो, एवढं त्याला समजावून सांगितलं. फारुखनं ब्रश खाली ठेवून विचारलं,

“सेठ, उस तरफ काठ नै रहेगा तो पानी रुकेगा कैसे?”

काठ राहिला.

आता एकच गोष्ट बाकी होती. गोव्याच्या त्या किनाऱ्यावर संध्याकाळी एक म्हातारा खुर्चीवर बसून सॅक्सोफोन वाजवत होता, आणि शेठला सगळ्यांत नवल वाटलं ते याचं, की त्याला कुणी हे वाजव, ते वाजव असं सांगत नव्हतं. सॅक्सोफोन जळगावात मिळाला नाही. झुलाल मास्तर मिळाले.

झुलाल मास्तर मूळचे पाचोऱ्याकडचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उमर पन्नाशीच्या पुढं, मिशा पांढऱ्या, गाल मात्र वाजवून वाजवून तरुण राहिलेले. उभा जन्म त्यांनी रस्त्यावर वाजवण्यात काढला होता. बँडवाल्याचं गाणं कसं असतं, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. मुखडा सुरू होतो, वरातीतलं कुणीतरी नोट ओवाळतं, आणि गाणं बदलतं. पुन्हा मुखडा, पुन्हा नोट. अंतऱ्यापर्यंत कुठली वरात कधी पोचत नाही.

मास्तरांना क्लॅरिनेट शिकवलं नूर महंमद उस्तादांनी. जाता जाता त्यांनी पिलू रागातली एक धून दिली होती. धीमी, दोन अंतऱ्यांची, आणि शेवटी सूर हलकेच खाली ठेवून निघून जायचं अशी. उस्ताद सांगून गेले की ही चार माणसांत अर्धी सोडायची नाही, घरापर्यंत पोचवायची. झुलाल मास्तरांनी शेकडो नवरदेव मांडवापर्यंत पोचवले. धून एकदाही पोचवली नाही.

त्यात आता छाती भरून यायला लागली होती. चालणं आणि वाजवणं, दोन्हीला पुरेल एवढा दम उरला नव्हता. बँडच्या मालकानं गोडीगुलाबीत सांगून टाकलं होतं की ही लग्नसराई शेवटची, पुढं घरी आराम करा. आराम या शब्दाचा अर्थ मास्तरांना कळला होता. म्हणून शेठचा निरोप आला तेव्हा त्यांनी पगाराचं विचारलंच नाही. म्हणाले, खुर्ची द्या आणि एक धून पुरी वाजवू द्या. शेठ म्हणाला, दहा वाजवा.

पहिल्या संध्याकाळी मास्तर फुलाफुलांचा शर्ट घालून आले. तो शेठनं पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवून घेतला होता, त्यामुळं मास्तर खिडकीजवळ उभे राहिले की दिसेनासे व्हायचे. टँकर येऊन गेला होता. टेबलं भरली होती. मास्तर खुर्चीवर बसले, ओठ ओले केले आणि पिलू सुरू केला.

चार ओळी बऱ्या गेल्या. पुढं श्वास कुठं घ्यायचा ते मास्तरांना कळेना. जन्मभर ते पावलावर श्वास घेत आले होते. डावा पाय पडला की हवा आत, उजवा पडला की सूर बाहेर. बसल्या जागी पाय पडेनात, मग हवाही येईना. मास्तरांनी डोळे मिटले, जोर लावला, आणि हवा आली. सूर मोकळा झाला, लयही जरा उचलली गेली. त्यांना वाटलं, जमलं.

जमलं म्हणजे ते उठून चालायला लागले होते.

डोळे मिटून मास्तर टेबलांमधून निघाले. आता आपल्याकडच्या माणसाच्या पुढून बँडवाला वाजवत गेला की तो बसून राहत नाही. त्याचा इलाज नसतो. बियाण्याचा एजंट अभिमन पाटील पहिला उठला, त्यानं रुमालाचं टोक दातांत धरलं आणि नागीण सुरू केली. त्याच्यामागं पाचोऱ्याचे कापूसवाले उठले. दोन वेटर ट्रे डोक्यावर धरून बत्तीवाल्यांसारखे दोन्ही बाजूंनी चालू लागले, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बघता बघता सगळं सी-व्ह्यू गेटमधून बाहेर पडलं आणि अनवाणी नशिराबादच्या दिशेनं निघालं. समोरून येणाऱ्या ट्रकांनी शिस्तीत बाजू दिली. एका ड्रायव्हरनं खाली वाकून नवरदेव कोण म्हणून विचारलं, तेव्हा अभिमननं स्वतःकडं बोट दाखवलं.

मास्तरांनी डोळे उघडले ते नाक्यावर. समोर हवालदार उभा होता आणि वरातीचा परवाना मागत होता.

बन्सीलालशेठ किनाऱ्यावर एकटाच राहिला होता. परत आलेल्या मास्तरांना तो रागानं बोलला नाही, तेच जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला,

“मास्तर, मला बार चालवायचा आहे, पण असा नाही. उद्या खुर्ची सोडलीत तर परवा येऊ नका.”

सकाळी मास्तर घरासमोरच्या ओट्यावर बसून सराव करत होते. पुष्पाबाई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापता थापता बघत होत्या. मास्तर सूर लावत, उठत, अंगणाच्या टोकाशी जात, स्वतःवर चिडून परत येत आणि पुन्हा बसत. त्यांनी एकदा मांडीवर पाटा ठेवून पाहिला. पाट्यासकट उठले. त्यांनी पुष्पाबाईंना सांगितलं की आज वाजवणार, आणि बसूनच वाजवणार, छाती फुटली तरी चालेल. पुष्पाबाईंना छातीचा हा विनियोग पसंत पडला नाही. त्यांनी हात धुतले आणि बाहेर आल्या.

“पोऱ्या उभा ऱ्हायाले शिकना तव्हय आपण काय करं व्हतं? नदीनी वाळूमा खड्डा करीसन त्याले उभा करं व्हतं. पडना नही, पळना बी नही. तुम्ही बी पाय गाडीसन बसा. बठ्ठी वाळू तठेच शे.”

मास्तर म्हणाले की लोक हसतील. पुष्पाबाई म्हणाल्या, काल काय रडत होते का?

संध्याकाळी मास्तर लवकर गेले. भिंतीजवळ खुर्ची ठेवली, फारुखकडून रंगाचा रिकामा डबा घेतला आणि त्यानं वाळू उकरू लागले. फारुख म्हशीला शिंगं काढत होता, तो ब्रश टाकून मदतीला आला. त्यानं कशासाठी वगैरे विचारलं नाही. मास्तरांचे पाय घोट्यांच्या वरपर्यंत खड्ड्यात गेल्यावर त्यानं वाळू लोटली, बादलीभर पाणी ओतलं आणि वरून थापटून गिलावा करावा तशी घट्ट केली. शेठ लांबून बघत होता. गोव्यात असं पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं, पण म्हातारा खुर्चीवर होता, यात शंका नव्हती.

टेबलं भरली. कालच्या वरातीची बातमी गावभर झाल्यामुळं जास्तच भरली. अभिमन पाटील आज रुमालाची घडी करूनच आला होता. मास्तरांनी पिलू सुरू केला आणि चार ओळींनंतर श्वास अडला. पाय उठायला गेले. वाळूनं धरले. पुन्हा गेले, पुन्हा धरले. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मानेवरची शीर दोरीसारखी वर आली. मग वाळूच्या आत त्यांची बोटं हलायला लागली. डावा अंगठा दाबला की हवा आत, उजवा दाबला की सूर बाहेर. वरून कुणालाच काही दिसत नव्हतं. मास्तर आत चालत होते.

मुखडा संपत आला तशी अभिमननं नोट काढली. तो समोर येऊन उभा राहिला, मास्तरांच्या डोक्यावरून नोट ओवाळली आणि नागीण लावा म्हणाला. मास्तरांचे ओठ क्षणभर सैल झाले. जन्मभराची सवय होती ती. नोट दिसली की गाणं सोडायचं. अभिमननं दुसऱ्यांदा ओवाळली, मग नाकासमोर धरली. मास्तरांनी डोळे मिटले आणि अंतऱ्यात शिरले.

त्याच वेळी लाईट गेली. लाईट गेली की आपल्याकडं एकदा हो करून ओरडतात, तसे लोक ओरडले, पण ओरडून झाल्यावर त्यांना आढळलं की वाजतच आहे. पंखे, कूलर, टेपरेकॉर्डर, आतला मिक्सर, सगळं बंद पडलं होतं. हायवेवरही तेवढ्यात गाडी नव्हती. अंधारात दुसरं काही ऐकण्यासारखं नसल्यामुळं सगळे मास्तरांना ऐकू लागले. वेटरांनी मेणबत्त्या आणल्या आणि टेबलांवर ठेवायच्या सोडून हातात धरून उभे राहिले. अभिमन नोट घेऊन होता तिथंच वाळूत खाली बसला. फारुख आपल्या समुद्राला पाठ लावून उभा होता. दुसरा अंतरा आला. एका जागी दम इतका कमी पडला की सूर सुताएवढा झाला, तुटला असं वाटलं, आणि तुटला नाही. बन्सीलालशेठनं गल्ल्यावरचा हात काढून घेतला. मुखडा परत आला, आणि उस्तादांनी सांगितलं होतं तसा तो शेवटचा सूर मास्तरांनी हलकेच खाली ठेवला.

कुणी टाळी वाजवली नाही. बँडवाल्याचं संपतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं आणि बाहीनं तोंड पुसलं. पाय वाळूत तसेच होते.

लाईट आली. पंखे फिरले, मास्तरांच्या मागं कूलर घरघरला. अभिमन पाटील उठला. त्याचे डोळे ओले होते, आणि ते त्यानं लपवले नाहीत. घडी घातलेल्या रुमालानं ते पुसत तो मास्तरांजवळ आला, दोन्ही हात जोडले आणि अगदी कानाशी वाकला. सगळं सी-व्ह्यू तो काय बोलतो ते ऐकायला थांबलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “खुर्ची जराशी बाजूले सरकाडा ना. कूलरनी हवा अडी ऱ्हायनी.”