पट्टीखालचे बटण

मुलीचे लग्न झाले, त्याच वर्षी मी त्या घरात आलो. साल कोणते ते मला सांगता येणार नाही. त्या घरात सालांची मोजदाद लग्नाच्या आधी आणि लग्नाच्या नंतर अशीच होती. माझ्याबद्दल कुणी विचारले की काकू सांगायच्या, "त्याच वर्षी. पाहुणे गेले आणि पंधरा दिवसांनी हा आला."

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे. रेकॉर्डच्या खाचेतून सुई जो आवाज उचलते तो इतका बारीक असतो की मुंगीलाही पुरायचा नाही. तो हातात घ्यायचा, त्याला बळ द्यायचे आणि डाव्या-उजव्या स्पीकरकडे पाठवायचे, हे माझे काम. काही श्रीमंत घरांत हे काम दोन पेट्या मिळून करतात. एक आवाज निवडते, दुसरी तो वाढवते. मी दोन्ही कामे एकाच पेटीत, एकट्याने करतो.

मला एका लांब टेबलावर बायकांनी जोडले. एकीने तारांना डाख दिला, एकीने तांब्याच्या तारेचा जड गोळा पोटात बसवला, एकीने दोन्ही कुशींना लाकडाच्या फळ्या लावल्या. शेवटच्या बाईने मला वीज दिली, काहीच वाजवले नाही, नुसता स्पीकरला कान लावला आणि म्हणाली, "गप्प आहे. चांगला आहे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. दुसऱ्याचा आवाज मी कितीही मोठा करू शकतो, पण स्वतःचा आवाज मला नाही. असेल तर तो बिघाड समजतात.

दुकानात मी बरीच वर्षे खालच्या फळीवर होतो. वर नवे येत, जात. माझ्या डोक्यावर धूळ आणि दुकानदाराचा डबा. मग एके दिवशी काका-काकू आले. सगळे त्यांना तसेच म्हणत, म्हणून मीही म्हणतो.

काका बॉयलर दुरुस्तीच्या कारखान्यात होते. लोखंडी पिंपाच्या आत बसायचे आणि घण मारायचे. कारखान्यात त्यांना घण्या म्हणत. काकू टेलिफोनच्या कचेरीत कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून देत. मुलगी घरात असेपर्यंत सारखी गुणगुणत असे. ती गेली आणि घर इतके गप्प झाले की दोघे चमचासुद्धा हळू ठेवू लागले. म्हणून गाण्याचे यंत्र घ्यायला निघाले होते. घरची एक रेकॉर्ड काकांनी बगलेत धरून आणली होती. तिच्यात एक बाई गाते आणि शेजारी व्हायोलिन वाजते. बाई उजवीकडून येते, व्हायोलिन डावीकडून.

"बसा काका, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये," दुकानदार म्हणाला. "आता हा ऐका. शंभर वॅट. अख्खी गल्ली जागी होईल."

"गल्लीला नाही हो जागं करायचं," काकू म्हणाल्या. "घर जागं झालं तरी पुरे."

"मग हा घ्या. याला रिमोट आहे. खुर्चीतून उठायलाच नको."

"मग यांना जेवायला उठवायचं कुणी?"

काका हसले. पण गाणे लागले तसे त्यांनी तोंड हळूच डावीकडे वळवले. कबुतर दाणा बघताना मान वळवते, तसे. बाई गात होती तोवर ठीक होते. व्हायोलिन सुरू झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही.

"छान," ते म्हणाले. "छान आहे हो."

त्यांचा डावा कान घणाने खाल्ला होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कारखान्याच्या तपासणीत डॉक्टरांचे ओठ बघून ते उत्तरे देत. खरे कळले असते तर त्यांना भांडारात नटबोल्ट मोजायला बसवले असते. पुढे पुढे लपवायचे कारण राहिले नाही, लपवायची सवय राहिली.

पण काकूंनी वीस वर्षे लोकांचे आवाज ऐकले होते. समोरच्याला नीट ऐकू आलेले नसते आणि तरी तो हो म्हणतो, तेव्हा तो हो कसा असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी काकांकडे पाहिले. मग डब्याखाली मला पाहिले.

"आणि हा खालचा?"

"तो जुना माल, काकू. जड आहे. रिमोटपण नाही."

"वाजवा तर."

काका वाकून शंभर वॅटवाल्याचे स्क्रू निरखत होते. तेवढ्यात काकूंनी माझ्या तोंडावरच्या एका बटणावर बोट ठेवले आणि हळू विचारले, "हे कशाचं?"

"मोनोचं. दाबलं की डावं-उजवं एकत्र होतं. दोन्ही स्पीकरमधून सगळंच येतं. हल्लीचे लोक हे बटण देतच नाहीत."

काकूंनी ते दाबले. टक्. काका ताठ उभे राहिले.

"अरे! हा बरा वाजतो. व्हायोलिन आहे की यात!"

"व्हायोलिन तर मघापासून—" दुकानदाराने तोंड उघडले.

"लाकूड बघा," काकू मध्येच म्हणाल्या. "आपल्या कपाटाचाच रंग. हाच घेऊ या."

"कान गाण्यासाठी आणि डोळे लाकडावर!" काका म्हणाले. "अगं, मशीन घेतेस की फर्निचर?"

मित्रांनो, ही थट्टा त्यांनी पुढे बावीस वर्षे केली. घरी येईल त्याला सांगायचे. "आमच्या हिनं रंग बघून मशीन घेतलं. आणि कपाट कुठलं? ते बघा, हिरवं, पत्र्याचं!" सगळे हसायचे. काकू म्हणायच्या, "तुम्हाला रंगातलं काय कळतंय?" कपाट हिरवे असताना काकू असे का म्हणाल्या असतील, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही. मला उत्तर माहीत होते. पण मी कसे सांगणार?

घर दोन खोल्यांचे. खिडकीखाली गोदामाचे पत्रे. एक स्पीकर लांब खिडकीच्या कोनाड्यात, दुसरा काकांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला. संध्याकाळी काका परत आले की रेकॉर्ड लागायची. काकू त्यांच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसून भाजी निवडायच्या. बोलायच्या त्या उजव्या बाजूनेच. काकांना वाटे, स्टूल तिथेच मावते.

काकूंची पाळी दोनला सुटे. काका साडेपाचला येत. कधीमधी दुपारी काकू खुर्ची ओढून मधोमध आणायच्या, ते बटण सोडायच्या आणि हात मांडीवर ठेवून बसायच्या. मग बाई तिच्या जागी उभी राहून गायची, व्हायोलिन त्याच्या जागी वाजायचे, आणि त्या छोट्या खोलीला दूर दूरच्या भिंती असल्यासारखे वाटायचे. पाच वाजले की त्या उठायच्या. टक्. खुर्ची परत जागेवर. काका निवृत्त झाले आणि त्या दुपारी संपल्या. त्यानंतर बारा वर्षे काकूंनी सगळी गाणी एकत्र कालवलेलीच ऐकली.

एकदा कारखान्यातला फोरमन चहाला आला. त्याला दिसेल त्या वस्तूला हात लावल्याशिवाय राहवत नसे.

"अरे घण्या, हे बटण कशाचं?" आणि टक्. त्याने ते सोडले.

काकांचे डोके हलता हलता थांबले. मान डावीकडे वळली. काकू चहा घेऊन येत होत्या. त्यांनी दारातूनच पाहिले.

"भाऊजी, हात काढा! करंट मारतं तिथून!"

फोरमनने उडीच मारली. अर्धा चहा त्याच्या पायजम्यावर सांडला. काकूंनी कप ठेवला, पुसता पुसता बटण आत दाबले आणि जखमेला लावतात ती चिकटपट्टी आणून त्यावर आडवी चिकटवली.

"मी उघडून बघू का?" काकांनी विचारले.

"मुळीच नको. तुमचा हात लागला की त्याचा बॉयलर होईल."

मी कधी कुणाला झटका दिला नाही, मित्रांनो. आळ आला तेव्हा थोडे वाईट वाटले. पण तो आळ मी आनंदाने वागवला. पट्टी मळली की काकू नवी लावत.

मग काकू आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या. लोक आले, बसले, गेले. मुलगी थोडे दिवस राहिली. जायच्या आदल्या दिवशी तिने घर झाडले, पुसले. "आईनं ही काय घाण चिकटवून ठेवलीय?" म्हणत तिने ती पट्टी सोलून काढली आणि ओल्या फडक्याने माझे तोंड पुसले. चांगले दाबून पुसले. टक्. बटण बाहेर आले. तिला ऐकू आले नाही. ती प्रेमानेच पुसत होती.

ती गेल्यावर काकांनी तीच रेकॉर्ड लावली. बाई गाऊ लागली. व्हायोलिन मात्र भिंतीपलीकडे कुणी वाजवत असल्यासारखे झाले. काकांनी आवाज वाढवला. मान डावीकडे वळवली. मग त्यांनी उजव्या कानाजवळ दोन बोटे एकमेकांवर घासून पाहिली. पुन्हा घासली. पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी आधी कधी पाहिली नव्हती. त्यांना वाटले, उरलेला कानही चालला.

त्यांनी मला बंद केले आणि काकूंची शाल माझ्यावर टाकली.

आठ महिने मी त्या शालीखाली होतो. चमचे पुन्हा हळू ठेवले जाऊ लागले. आता ठेवणारा एकच होता. दारावर कुणी थाप मारली तरी काका लगेच उठत नसत. आपण चुकीचे ऐकले असणार, असे धरून चालत. मुलीचा फोन आला की ती विचारायची, "बाबा, गाणी ऐकता ना?"

"हो. ऐकतो की."

काकू असत्या तर त्यांनी तो हो ओळखला असता. मी ओळखला, पण माझी वीज बंद होती. आणि चालू असती तरी काय?

एका सकाळी शाल निघाली. काकांनी मला सुतळीने बांधले, रेकॉर्ड वर ठेवली आणि दोनदा उतरवत, दम खात, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात नेले.

"दुरुस्त नाही करायचा," ते म्हणाले. "ठेवून घ्या. कुणाला तरी द्या. मला आता उपयोग नाही. फक्त त्या बटणाला जपा, तिथून करंट मारतं."

दुरुस्तीवाला मधल्या वयाचा, चष्मा कपाळावर सरकवलेला माणूस. त्याने मापकाची टोके बटणाला लावली. पुन्हा लावली.

"काका, इथं झटका बसण्याइतकी वीजच नाही. कुणी सांगितलं?"

"आमच्या हिनं."

"बसा. ऐकून बघू."

त्याने ती रेकॉर्ड लावली. बाई गाऊ लागली. काकांनी मान खाली घातली. त्यांना ऐकायचेच नव्हते. मग त्याने सहज बटण आत दाबले.

टक्.

काकांनी मान वर केली. व्हायोलिन उजवीकडून, अगदी जवळून, स्वच्छ वाजत होते.

"काय केलंत?"

"काही नाही. मोनो केलं. दोन्ही बाजूंचं एकत्र येतं याच्यानं. जुन्या रेकॉर्डना लागायचं. नाहीतर एका कानानं ऐकणाऱ्याला." दुरुस्तीवाल्याने चष्मा खाली ओढला. "तुमच्याकडे कोण होतं एका कानानं ऐकणारं?"

काकांनी डाव्या कानाला हात लावला.

"मी," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

"घरी ठाऊक होतं?"

"मला वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही."

मग त्यांनी माझ्या कुशीच्या लाकडावर हात ठेवला. "कपाटाचा रंग म्हणे," ते पुटपुटले. "हिरवं कपाट. बावीस वर्षं हसलो मी तिला." त्यांचा घण मारणारा जाड हात तिथून लवकर निघाला नाही. दुरुस्तीवाल्याने तोंड फिरवले आणि उगाच एक पेचकस शोधत राहिला.

काकांनी मला परत नेले. वाटेत औषधांच्या दुकानातून चिकटपट्टी घेतली.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला जपा असे सांगणे माझे कामच आहे. धूळ बसू देऊ नका, ओल्या जागी ठेवू नका. पण त्याहून एक मोठी गोष्ट आहे. कुणाच्या घरात एखादी मळकी पट्टी, उगाच हलवलेले स्टूल, न जुळणारा रंग दिसला, तर पुसायच्या आधी, हसायच्या आधी, एकदा विचारा. आणि जवळच्या माणसाने "हो" म्हटले तर तो हो नीट ऐका.

पुढच्या सुट्टीत मुलगी आली. काका खुर्चीत बसून डोके हलवत होते. उजवीकडचे स्टूल रिकामे होते, पण जागेवर होते.

"बाबा, परत पट्टी लावलीत त्याला? मी काढली होती ना?"

"हात लावू नकोस," काका म्हणाले. "करंट मारतं तिथून."

काकू गेल्या त्या वर्षी मुलीची धाकटी लेक बालवाडीत जाऊ लागली होती. काका त्यानंतर पाच वर्षांनी गेले, ती चौथीत असताना, एका गुरुवारी सकाळी.