जिराफाला पाणी

हसमुखभाईंच्या जिराफाची आम्ही वर्षभर वाट पाहिली. आम्ही म्हणजे हसमुखभाई आणि त्यांच्याकडे स्वयंपाक करणारी मी. घरात दुसऱ्या कोणाला ती गोष्ट ऐकायची नव्हती. जिराफाचं नाव निघालं की भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तडक देवघरात जाऊन बसत. ज्या घरात बटाटासुद्धा चालत नाही, त्या घरचा माणूस मित्राच्या नादाने आफ्रिकेत जातो आणि बंदूक चालवून येतो, हे त्यांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. मग उरलं कोण, तर पोळ्या लाटणारी मी. मला काही तवा सोडून उठता येत नव्हतं.

त्यामुळे मला सगळं ठाऊक झालं. कातडं तिकडेच कमावतात, आत साचा भरून मान उभी करतात, कीड लागू नये म्हणून औषध मारतात, मग दोन्ही देशांच्या परवानग्या. एकदा तर एका शिक्क्यासाठी खोकं तिकडच्या बंदरावरून परत गेलं. मग एक दिवस हसमुखभाई मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "जो योगिता, आजे डरबनथी नीकळ्यो." मी मान हलवली. मनात म्हटलं, मी शिरपूरहून माहेरपण आटोपून येते तेव्हा उधना स्टेशनावर घ्यायला कुत्रं येत नाही, आणि मेलेल्याचा काय हा थाट.

खोकं हसमुखभाईंच्या वेसूतल्या टॉवरखाली आलं आणि लिफ्टमध्ये मावेना. जिन्याच्या वळणावरही अडलंच. नवव्या मजल्यावर न्यायचं कसं? तेव्हा मीच तोंड उघडलं आणि म्हटलं, माझ्या घरवाल्याला सांगा. लखनचं कामच ते. उधन्यात एम्ब्रॉयडरीची मशिनं वरच्या मजल्यांवर चढवायची, गच्चीवर चेनकुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी, बांधून, बाहेरच्या बाहेर. लोखंड चढवणाऱ्याला एक मान काय जड आहे?

घरी हे सांगितलं आणि सासूबाईंनी, प्रमिलाबाईंनी, हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मला सातवा सुरू होता. पहिलं मूल असंच सातव्यात पोटातच गेलं होतं, तेव्हापासून त्या माझ्यामागे सावलीसारख्या असत. गोडादऱ्याच्या आमच्या घरून वेसूला रिक्षानेसुद्धा मला एकटीला सोडत नसत. भाभींच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्या लसूण सोलायच्या, आणि या घरात लसूण चालत नाही म्हटलं की तो पिशवीत घालून घरी न्यायच्या.

"मरेल जनावरना डोयाकडे देखानं नही," त्या म्हणाल्या. "पोटना पोरले लागस."

"मी नाही बघत, आत्या," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

ज्या सकाळी जिराफ वर चढायचा होता, त्या सकाळी माझं बाळ हललं नव्हतं. रात्रीपासून हललं नव्हतं. मी कुशीवर वळून पाहिलं, गूळ खाऊन पाहिला, पोटावर हात ठेवून गप्प बसून पाहिलं. काही नाही. पहिल्या वेळीही सगळं असंच शांत झालं होतं. मला इतकी भीती वाटत होती की ती तोंडातून बाहेर काढायचीसुद्धा भीती वाटत होती. लखनला सांगता येईना, कारण त्यांच्या भार चढवणाऱ्या टोळीत एक रीत आहे: दोर हातात घेतलेल्या माणसाला घरची गोष्ट सांगायची नाही. भार उतरेपर्यंत बायकोने मुकी राहायचं. आत्यांना सांगितलं असतं तर त्या तशाच खाली धावल्या असत्या आणि लखनच्या हातातला दोर सुटला असता. मी ठरवलं, जिराफ एकदा आत आला की ताबडतोब दवाखाना.

भाभी आदल्या दिवशीच भावाकडे नवसारीला निघून गेल्या होत्या. हसमुखभाई बाल्कनीत उभे होते. आत्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून पहारा दिला. खालून टोळीचा ताल ऐकू येत होता, चेनकुप्पी करकरत होती. मग ताल थांबला. माझा फोन वाजला.

"योगिता, बाजूना दोर एसीना डबामा अटकी गया," लखनचा आवाज दमलेला होता. "तुन्ही खिडकीखालेच शे. तेवढा सोडाव."

भार भिंतीवर आपटू नये म्हणून एक माणूस खालून बाजूचा दोर ओढून धरतो, तोच अडकला होता. वर ओढलं असतं तर एसीचा डबा सुटून खालच्या माणसांच्या डोक्यात गेला असता. हसमुखभाईंचा हात बाल्कनीतून पोचत नव्हता.

"तू बठ. मी देखस," आत्या म्हणाल्या. त्यांनी जाळीतली छोटी खिडकी उघडली, डोळे घट्ट मिटले आणि हात बाहेर घातला. त्या चाचपडत राहिल्या. आधीच बुटक्या, त्यात डोळे मिटलेले. इतर वेळी मी हसून लोळले असते. फोनमध्ये कोणीतरी ओरडत होतं की हात भरून आले, लवकर करा.

मी आत्यांना बाजूला केलं आणि पडदा सारला.

समोर तोंड होतं. वीतभरावर. खोक्यातून काढून आडवे-उभे पट्टे बांधलेली लांबच लांब मान खाली गेली होती आणि तिच्या वरच्या टोकावर ते तोंड माझ्याच उंचीला येऊन थांबलं होतं, कोणी बोलवायला यावं तसं. मी फोटोत पाहिला होता, पण फोटोत असं काही कळत नाही. पापण्यांचे केस माझ्या बोटाएवढे होते. डोळे काचेचे आहेत हे मला ठाऊक होतं, हसमुखभाईंनीच सांगितलं होतं, तरी मी पदर सावरला. एवढं मोठं जनावर देवाने बनवलं आणि त्याला तोंड दिलं ते असं, नव्या सुनेसारखं लाजाळू. भीती होती की नाही ते आठवत नाही. मला फक्त वाटलं, अरे, हे खरंच होतं. कुठेतरी झाडाचा पाला खात खरंच चालत होतं, आणि मला ते माहीतच नव्हतं.

मी हात बाहेर घातला. दोर डब्याच्या पट्टीत रुतला होता. तो सोडवताना जिराफाचा गाल माझ्या दंडाला घासत होता, रेशमी नाही, खरखरीत, आमच्या गावच्या गाईसारखा. दोर सुटला. खाली कोणीतरी "सुटना" म्हणालं, ताल पुन्हा सुरू झाला आणि ते तोंड वर वर जात दिसेनासं झालं. मग मान जात राहिली, किती वेळ ती मानच जात राहिली.

मागे वळले तर आत्यांचे डोळे उघडे होते. त्या मला शिव्या देतील म्हणून मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "डोयाले डोया भिडना?"

"हो."

"मग वळख व्हयनी," त्या म्हणाल्या. "इतला दूरथीन उना, त्याले पानी नको का?"

आमच्याकडे लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालतात. रागावून आलेला असेल तरी त्या पाण्याने शांत होतो. आत्यांनी माठातलं पाणी तांब्यात घेतलं, डोक्यावर पदर घेतला आणि हॉलकडे निघाल्या. मी मागोमाग. तोवर जिराफ बाल्कनीतून आत येऊन दिवाणखान्यात उभा होता, शिंगं छताला टेकायला आलेली. आत्यांनी वर पाहिलंच नाही. त्या खाली बघत आल्या, खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या. मान लाकडी पाटावर संपत होती.

"याना पाय कोठे शेतस?" त्यांनी विचारलं.

हसमुखभाईंना अहिराणी येत नाही, पण कळलं. "पग तो त्यां ज रही गया, माजी," ते म्हणाले. मग कोणी विचारलं नसताना बोलू लागले. जिराफाला पाणी प्यायला वाकता येत नाही, पुढचे पाय लांब फाकवावे लागतात. तेव्हा त्याला पळता येत नाही. तो असा पाय फाकवून पाणी पीत होता. एवढं बोलून ते खुर्चीवर बसले. वर्षभर ज्याची त्यांनी वाट पाहिली, त्याच्याकडे त्यांना बघवेना.

आत्यांनी तांब्यातलं अर्धं पाणी पाटाशी ओतलं. उरलेल्याचं काय करावं ते त्यांना समजेना. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि माझ्या सुजलेल्या पायांवर त्यांनी ते पाणी घातलं. सासूने सुनेच्या पायावर. मी मागे सरकणार होते, पण त्यांनी माझा घोटा धरून ठेवला.

माठातलं गार पाणी होतं ते. पायांवरून ओघळलं आणि पोटात, डाव्या बाजूला, एक लाथ बसली. मग आणखी एक, चांगली जोरात. मी आत्यांचा खांदा धरला आणि रडायला लागले.

"काय व्हयनं?" त्या घाबरल्या. "पाय दुखी ऱ्हायना?"

"माझा नाही," मी म्हटलं. "बाळाचा पाय, आत्या. रात्रीपासून हललं नव्हतं. आत्ता हललं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्या पोटावर तळहात दाबून त्या बराच वेळ बसून राहिल्या. लाथ त्यांच्याही हाताला लागली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मग पदर मागे सारून त्यांनी मान वर केली, आणखी वर केली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"ऱ्हाय बाबा आते आठेच," त्या त्याला म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "चल, लखनले हाक मार. त्याना हातमातला दोर सुटना आते. दवाखानामा जाऊत."