काठीखालची दहावी

मोनिकाताईंनी हातातलं पुस्तक मिटलं, तेव्हाच निकिताला वाटलं की आता काहीतरी वेगळं ऐकायला मिळणार. ताई श्रीरामपूरला माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला होत्या आणि दर रविवारी बेलापूरच्या चर्चमध्ये उपासनेआधी मुलांचा वर्ग घ्यायच्या. आजचा धडा दशांशाचा होता. आपल्याला जे मिळतं त्यातला दहावा भाग देवाचा, एवढंच सांगायचं होतं. पण पुस्तकातलं उदाहरण शंभर रुपयांचं होतं.

"ताई, मला कुनी शंभर रुपये दिलेच न्हाईत तर?" पार्थने विचारलं. "मंग माझी सुट्टी का?"

"म्हणून तर पुस्तक मिटलं," ताई म्हणाल्या. "पैसे राहू देत. जुन्या काळी मेंढपाळ काय करायचा, ते ऐका. तो मेंढवाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहायचा. मेंढरं एकेक करून काठीखालून बाहेर पडायची. दहावं आलं की ते देवाचं. चांगलं आहे का रोगट, हे बघायचं नाही. बदलायचं तर मुळीच नाही. कुणी बदललंच, तर आधीचंही देवाचं आणि बदल्यात दिलेलंही देवाचं."

"म्हंजे दंडच की."

"दंडच. द्यायची वेळ आली की आपला हात बरोबर किडक्याकडे जातो. आम्हीसुद्धा तपासणीसाठी शेतातली माती उचलताना मनाला येईल ती जागा निवडत नाही. निवडली तर अहवाल आपल्याला हवा तसा येतो."

एका लहानग्याने मागून विचारलं, "देव कोंबडी खातो का?"

सगळे हसले. ताईही हसल्या. पुढच्या रविवारी कापणीचा सण होता. लोक बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या असं काय काय आणणार, उपासनेनंतर त्याचा लिलाव होणार आणि तो पैसा आजारी माणसांच्या औषधपाण्याला जाणार, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, "कुणाकडे कसलेतरी दहा आहेत? बळजबरी नाही हं. मनात असेल त्यानेच सांगा."

निकिताचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

त्याला कारण होतं. छबूआजीने यंदा एक अख्खी उबवण निकिताच्या नावाने बसवली होती. त्यातली अकरा पिल्लं जगली आणि बघता बघता मोठी झाली. त्यांना दाणे टाकणं, खुराडं झाडणं, मांजरावर डोळा ठेवणं, सगळं निकिताच करायची. रोज सकाळी खुराड्याचं फळकूट वर उचललं की कोण कसं बाहेर येतं, हे तिला पाठ झालं होतं. पहिली यायची चांदणी. राखाडी अंगावर पांढरे ठिपके असलेली ती तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, अजून अंड्यावर आली नव्हती, पण निकिताच्या पायात घोटाळत साऱ्या वस्तीभर फिरायची. सगळ्यात शेवटी यायची भित्री काळी. आणि काळीच्या पुढे, म्हणजे बरोबर दहावा, यायचा फौजदार. हा कोंबडा सांडलेले दाणे टिपून झाल्याशिवाय खुराडं सोडायचा नाही आणि बाहेर आला की दिसेल त्याच्या पोटरीला चोच मारायचा. पाहुण्यांना मारायचा, पोस्टमनलाही मारायचा. नाताळाला त्याचा रस्सा करायचा, हे आजीने कधीच ठरवून टाकलं होतं.

त्यामुळे निकिता आठवडाभर मजेत होती.

शनिवारी सकाळी मोनिकाताई आल्या. त्यांच्यामागे वर्गातली पोरंही आली आणि खुराड्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. पार्थने उसाचं एक लांब टिपरू काठी म्हणून आणलं होतं.

"जय ख्रिस्त, आजी."

"जय ख्रिस्त. ये बाई," छबूआजी म्हणाली. "कोंबड्या मोजायला आता कालिजात शिकावं लागतं व्हय?"

"कॉलेजात शिकवलं असतं तर बरं झालं असतं."

निकिताने फळकूट उचललं. चांदणी आली नाही. पोरांचा गलका ऐकून आधी फौजदारच तरातरा बाहेर पडला आणि त्याने पार्थच्या पायाचा समाचार घेतला. पोरं खिदळत मोजत होती. निकिता मात्र वाकून आत बघायला लागली. अंधारात कोपऱ्यात काहीतरी हललं. सहा झाल्या, सात झाल्या. घाबरून काळीसुद्धा सुटली, ती नववी. मग जरा वेळ काहीच आलं नाही. आणि मग मान वर करून, कॉक् कॉक् करत, जणू साऱ्या वस्तीला बातमी द्यायचीय अशा थाटात चांदणी काठीखालून बाहेर आली.

"दहावी!" पोरं ओरडली.

तिच्यामागून राहिलेली अकरावीही बाहेर पडली, तेव्हा निकिताने आत हात घातला. कोपऱ्यातल्या भुसकटात एक लहानसं, कोमट अंडं होतं. चांदणीचं पहिलं.

ती अंडं हातात घेऊन तशीच बसून राहिली. लिलावात कोंबडी कशासाठी घेतात, हे तिने दरवर्षी पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात मसाल्याचा वास सुटायचा.

"बदलली तर दोन्ही जात्यात," पार्थने आठवण करून दिली.

"तू गप रे," आजी म्हणाली. "मोनिका, त्यो फौजदार घेऊन जा. लेकराची कोंबडी कशाला? देवाला काय कोंबडा चालत न्हाई व्हय?"

ताई निकिताशेजारी उकिडव्या बसल्या. "निकिता, तू अजून दिलेली नाहीस. काहीच नको देऊस, मी काही म्हणणार नाही. माझंच चुकलं, एवढी गर्दी घेऊन यायला नको होतं."

"रोज फौजदार दहावा असतो," निकिता खाली बघत म्हणाली.

"रोज?"

"रोज. मी बघितलंय. म्हनून तर हात वर केला."

ताईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांना हसू येत होतं, पण त्या हसल्या नाहीत. "म्हणजे माती उचलायची जागा तू आधीच निवडली होतीस."

निकिताने मान डोलावली. फौजदार गेला असता तर घरात कुणाचं काय अडलं असतं? उलट पोस्टमनने आशीर्वाद दिला असता. ज्याचा रस्साच व्हायचा होता तो देऊन वर शाबासकी घ्यायची, हे तिला आठवडाभर फार हुशारीचं वाटलं होतं. आता मात्र ते मनाला लागत होतं.

तिने विचारलं, "ताई, दिल्यावर तिच्याबद्दल बोललं तर चालतं का?"

"कुणाशी?"

"घेनाऱ्याशी."

ताईंनी विचार केला. "चालू नये असं कुठे वाचल्याचं मला आठवत नाही."

"मंग दिली," निकिता म्हणाली.

रविवारी चर्चच्या अंगणात भोपळे गेले, बाजरीची पोती गेली, ऊस गेला. हा लिलाव साऱ्या गावाचा असे. शेजारच्या वस्तीवरचे गहिनीनाथआबा हिंदू. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छी आणि अंडं वर्ज्य. तरी ते दरवर्षी यायचे आणि एखादा भोपळा चढ्या भावाने घेऊन जायचे. या वेळी त्यांची सून सविताही सोबत होती.

चर्चच्या पाळकसाहेबांनी चांदणी वर धरली, तशी मागच्या बाकावरची माणसं सरसावून बसली. "रश्श्याला झ्याक हाय," एकजण म्हणाला. बोली सुरू झाली.

निकिता उठून पुढे गेली. तिचे कान लाल झाले होते. "ही चांदणी," ती म्हणाली. "ही कालच अंड्यावर आलीय. काल पयलं अंडं दिलं. आता वर्सभर देईल. ही कापायची न्हाई, पाळायची कोंबडी हाय."

"अंड्यावरली तलंग कोन कापतंय," मागचा माणूस पुटपुटला आणि गप्प बसला. त्याच्याऐवजी बायकांनी बोली उचलली. पाहता पाहता ती फौजदाराला सात जन्मांत मिळाली नसती एवढी वर गेली. शेवटचा आवाज सविताचा होता.

"अगं ए," आबा दचकून म्हणाले, "आपल्या घरात कोंबडी?"

"गोठ्यात राहील, मामा. तुमच्या ताटात न्हाई येनार."

"आबा, माळ काढून ठेवली का काय?" कुणीतरी ओरडलं. अंगण हसलं. आबाही कपाळाला हात लावून हसले.

निकिताने चांदणीला पंखांसकट कसं धरायचं, ते सविताला दाखवलं. तिला मका आवडतो, मांजराची भीती वाटते, खुराडं उघडताना घाई केलेली खपत नाही, हेही सांगितलं. "अजून काय?" सविताने विचारलं. निकिताला अजून पुष्कळ सांगायचं होतं. तिने चांदणीच्या ठिपक्यांवरून एकदा हात फिरवला आणि हात मागे घेतला.

"आठवण आली की ये," सविता म्हणाली. "बांध ओलांडला की आमचंच घर."

छबूआजीने नातीला जवळ ओढलं. दोघी चर्चच्या पायरीवर उभ्या राहून बघत राहिल्या. रस्त्याने सविता पुढे चालली होती आणि तिच्या पदराआडून चांदणी कॉक् कॉक् करत होती. मागून काखेत भोपळा घेऊन आबा चालले होते, चांगलं लांब अंतर राखून. समोरून कुणी आलं की ते थांबायचे आणि भोपळा उगाच न्याहाळून बघायचे. तिसऱ्यांदा ते तसे थांबले, तेव्हा निकिताला डोळे पुसता पुसता हसू फुटलं.