ओंजळीपाशी

बनाबाईनं खंजिरी चुलीच्या धगीवर धरून फिरवली, कातड्यावर टिचकी मारून पाहिली आणि दारात उभ्या दयारामकडं न बघताच म्हणाली,

"चपला भायेर काढ. आन् बोल काय बोलाचं ते. थंडीनं आवाज बसला हिचा, तुह्या तोंडाले लागाले येळ नाई मले."

दयाराम वडनेरात एक सांस्कृतिक संस्था चालवत असे. चालवत असे म्हणजे पाटी रंगवत असे आणि खात्याकडून कार्यक्रम आणत असे. आज त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि एवढ्या गारठ्यातही तो काखेत भिजला होता.

"काकू, आता गाड्या येतीन. आमदारायची समिती हाये, विधिमंडळाची. सांस्कृतिक खात्यानं पैसा कुठं घातला ते गावोगाव फिरून पाहून राह्यले. तुमाले एकच इचारतीन, शिबिर झालं काय? हो म्हनजो. बस."

"कोनतं शिबिर?"

"आता तुमीच असं म्हनाल तं!"

त्यानं मोबाईल पुढं केला. समाजमंदिरातला फोटो होता. मधे खुर्चीवर बनाबाई, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, भोवती वस्तीतल्या बाया आणि डोक्यावर भलंमोठं बॅनर. तो दिवस तिला चांगला आठवत होता. सत्कार आहे म्हणून दयाराम घेऊन गेला होता. बॅनरकडं तिनं पाहिलंही होतं. शाळा जेमतेम दोन वर्षांची, पुढं माय निंदणाला घेऊन गेली. अक्षर अक्षर जुळवत ती 'लोकगा'पर्यंत आली, तेवढ्यात कुणा उंच बाईचं डोकं आडवं आलं. विचारता आलं असतं. पण आपल्याच डोक्यावर काय लिहून टांगलंय हे दुसऱ्याला विचारायचं? बनाबाई त्यातली नव्हती. नारळ घेतला, शाल घेतली, ऐटीत घरी आली.

"लोकगायन प्रशिक्षण शिबिर, समारोप," दयारामनं गोड आवाजात वाचून दाखवलं. "शिकवनाऱ्या तुमी."

"मी? कोनाले शिकवलं?"

"ह्या बायायले."

"ह्या बायायले!" बनाबाईनं खंजिरी खाली ठेवली. "ते पुष्पांजली गाते तं शेजारची म्हैस दावं तोडते. तिले मी शिकवलं? माहं नाव मातीत घालतं काय बे?"

तिनं जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. ती गायची ते चवदार तळ्याचं गाणं तिच्या मायनं निंदता निंदता जुळवलेलं, चालही तिचीच, आणि दिली एकट्या बनाला. जयंती जवळ आली की पोरी यायच्या, आजी आम्हाला सांगा म्हणायच्या. मोबाईलमधली गाणी बरी आहेत तुम्हाला, म्हणून ती त्यांना वाटेला लावायची. लग्न होऊन चार वर्षं घरात असलेल्या सुनेला, मयुरीला, तिनं खंजिरीला हात लावू दिला नव्हता. एकदा मयुरीनं भीत भीत विषय काढला होता. "भाकर गोल येऊ दे आधी," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तीच मयुरी आता कोपऱ्यात तूर पाखडत होती. मान खाली होती, पण सूप केव्हाचं थांबलं होतं.

दयारामनं आवाज उतरवला. "काकू, तुमच्या कलावंत मानधनाची फाईल यंदा पुन्हा वर गेली हाये. शिफारस करनारे आपलेच लोक हायेत. शिबिर खोटं ठरलं तं फोटोतली बाई बी खोटी ठरन. शाल तुमच्याच खांद्यावर हाये." उठता उठता म्हणाला, "तेच शाल घालून या. चांगलं दिसन."

तो गेल्यावर बनाबाईला एका जागी बसवेना. हंडा इकडचा तिकडं ठेवला, तिकडचा परत इकडं आणला. मानधनावर बाकी काही अडत नव्हतं. लेक मलकापुरात कापसाच्या जिनिंगवर होता, घरात दाणा होता. पण पिठाच्या डब्यामागं फडक्यात गुंडाळलेला दम्याचा पंप त्याच मानधनाचा होता. तो औषधाचा खर्च तिला लेकाकडं मागायचा नव्हता, कारण मागायचा तर सांगावं लागलं असतं. बनाबाईचा दम तुटतो हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचंही नव्हतं. सुनेची पाठ आहे असं पाहून तिनं डब्यामागं हात घातला, पंप ओढला, तोंड पुसलं आणि शाल अंगावर घेतली.

समाजमंदिरात गाद्यांच्या खुर्च्या कुठून तरी आल्या होत्या. समितीच्या अध्यक्ष एक पन्नाशीच्या आमदारबाई होत्या. केस आखूड, आवाज शांत. शेजारी दोन आमदार, मागं कागद घेतलेले अधिकारी. दयाराम पाणी वाटत होता, कुणी मागितलं नसताना.

"शिबिर इथंच झालं?" बाईंनी विचारलं.

"इथंच मॅडम. लय छान झालं. बनाबाईनं तं जीव ओतला."

"मी त्यांना विचारलं. आजी, तुम्ही सांगा."

बनाबाईनं घसा साफ केला. समोर बाया बसल्या होत्या, एकही वर बघत नव्हती. "गानं आयका आधी," ती म्हणाली. वेळ काढायला दुसरं काही सुचलं नाही.

खंजिरी वाजली तशी ती वेगळीच झाली. पाठ ताठ, हनुवटी वर.

"चवदार तळ्याचं पाणी गं माय, ओंजळीत मावेना…"

ओंजळीपाशी तिचा दम संपला. नेहमी संपायचा. 'ओंज' म्हणून ती थांबली, तेवढ्यात खंजिरीवर दोन चपळ थापा मारल्या आणि मग 'ळीत' उचललं. ऐकणाऱ्याला वाटावं, चालच तशी आहे. एका आमदारांनी मान डोलावली.

"वा! आता तुमच्या एखाद्या विद्यार्थिनीला म्हणू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

बायांच्या माना आणखी खाली गेल्या. पुष्पांजली पदराच्या टोकाशी खेळू लागली. दयारामच्या हातातला पेला कलला. बनाबाईच्या खांद्यावरची शाल एकाएकी टोचायला लागली. आता खोटं पडणार, आणि पडणार ते या बायांच्या देखत, ज्यांना तिनं आजवर दारातून हाकललं.

मागून बांगड्या वाजल्या. सासूमागोमाग येऊन भिंतीशी बसलेली मयुरी उभी राहिली होती. हाताला अजून तुरीची धूळ होती.

"मी म्हनतो," ती म्हणाली.

तिनं डोळे मिटले. पहिला सूर लागला आणि बनाबाई वळून बघायला लागली. ही तिच्या मायची चाल होती. पाण्यावरचा तो लहानसा हेल, 'माय'वरचा तो वळसा, काही सुटलं नव्हतं. कधी शिकली ही? चुलीपाशी आपण पुटपुटत होतो तेव्हा? पहाटे अंगणात? कान इकडं आणि हात पिठात?

"…पाणी गं माय, ओंज"

मयुरी थांबली. मांडीवर दोन बोटं चटचट वाजवली. मग "ळीत मावेना" म्हणाली.

बनाबाईचा हात खंजिरीवरच गोठला.

अध्यक्षबाई हसल्या. "आजी, शिष्या तुमचीच. श्वास घ्यायची जागासुद्धा तुमचीच उचललीय." मागं वळून त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "घ्या लिहून. प्रशिक्षण झाल्याचं प्रत्यक्ष आढळलं."

दयारामनं रुमालानं तोंड पुसलं. मयुरीनं सासूकडं पाहिलं, शाबासकीसाठी नाही, चूक झाली का ते बघायला. एवढ्यावर सगळं निभावलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

"लिहू नका," बनाबाई म्हणाली.

"काकू…" दयाराम पुढं आला.

"तू पानी वाट." तिनं शाल काढली, घडी केली आणि समितीच्या टेबलावर, उघड्या फाईलवर ठेवली. "शिबिर झालं नाई. एक दिस बी नाई. नारळ देला, शाल देली, फोटो काढला. बॅनरवर काय लिव्हलं ते मले वाचता आलं नाई, आन् इचारायची लाज वाटली. हे बाया बसाले आल्या होत्या."

"मग ही मुलगी?"

"हे सून हाये माही. हे मी शिकवलेली नाई. माह्या घरात राहून, माह्या शिव्या खाऊन, आपल्या कानानं शिकली. हिचं नाव लिहाचं असन तं एकटीचं लिहा. खात्याचं लिहू नका त्याच्यात."

अध्यक्षबाईंनी शाल फाईलवरून बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "पण आजी, चाल तुम्ही दिलीत. तो श्वासाचा तोडासुद्धा."

बनाबाईनं बायांकडं पाहिलं. आता सगळ्या वर बघत होत्या.

"तो चालीतला नाई," ती म्हणाली. "माह्या मायच्या चालीत तिथं थांबनं नाई. मले दमा हाये."

सासूसुना घराकडं निघाल्या. गाड्या नांदुऱ्याकडं गेल्याचा धुरळा अजून रस्त्यावर होता. दयाराम कोपऱ्यावर फोनवर कुणाशी तरी ओरडत होता. बनाबाई जवळून गेली तसा त्यानं तोंड फिरवलं. शालीवाचून खांदे गार पडले होते. मानधनाचं काय होणार हे तिला कळत होतं. तरी पायात असा जोर आला होता की मयुरीला मागं पळावं लागलं.

चूल विझली होती. मयुरीनं ती पेटवली, पिठाचा डबा ओढला, आणि त्यामागून फडक्याची गुंडाळी काढून सासूच्या हाताशी ठेवली. न सांगता, न बघता.

बनाबाई त्या गुंडाळीकडं बघत राहिली. "हे बी ठाव होतं तुले?"

"हाव."

"आन् तरी तिथं थांबली काऊन?"

"मले वाटे, गानंच तसं हाये, आत्याबाई." मयुरीचा आवाज बारीक झाला. "मी तं असंच आयकलं. दुसरं कवा आयकलंच नाई."

ती सलग ओळ आता फक्त तिच्या डोक्यात उरली होती, आणि गळ्यातून तर निघणार नव्हती. म्हणून दाखवायची कशी? तिनं पंप ओढला, सुनेच्या समोर. मग खंजिरी धगीवर धरली, टिचकी मारून पाहिली आणि हात धुतलेत का हेही न विचारता मयुरीच्या पुढ्यात केली. पण लगेच परत ओढून घेतली.

"नको. मीच वाजवतो. तू नुसती म्हन. मी थांबनार नाई, तं तू बी थांबू नको. भाकर मंग थाप."

थाप पडली. मयुरी तळ्यापासून निघाली, पाण्यावर आली, मायवर वळली. बनाबाईची बोटं सरळ चालत राहिली, एक टप्पा न चुकवता. मयुरी ओंजळीपाशी आली, आणि बनाबाईनं आपला श्वास धरून ठेवला.